छतावरची भिंत

ताई,

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळचा चहा झाल्यावर मेधा आणि मी तुझ्या तयारीच्या फळीपाशी जाऊन उभे राहिलो. टॉर्च लावून पाहिले. सेल काढून, पुसून परत घातले. पाण्याचे कॅन रिकामे केले, धुतले, पुन्हा भरले. बिस्किटांच्या दोन पुड्यांची मुदत संपत आली होती, ते मेधानं बाजूला काढले. तू असतीस तर ते तिथेच चहाबरोबर संपवायला लावले असतेस. मागच्या दिवाळीनंतर असेच पुडे पुढ्यात आले तेव्हा मी म्हणालो होतो, "ताई, ही मऊ पडलेली बिस्किटं खाण्यापेक्षा आगीत मेलेलं बरं." तू हसलीस. मेधाही हसली. ते वाक्य आता दिवसातून कितीदा तरी माझ्या कानात वाजतं, आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

तुला जाऊन पाच आठवडे झाले.

भेटायला खूप लोक आले. तुझ्या शाळेतल्या मुली आल्या, त्यातल्या काही आता आजी झाल्यात. सगळे म्हणत होते, किती शांत, किती सोज्वळ. मी मान डोलवत होतो, पण ते कुणाबद्दल बोलतायत हे मला कळत नव्हतं. तू शांत कधी होतीस? पस्तीस वर्षं मुलींना पीटी शिकवून तुझं साधं बोलणंही हुकूम झालं होतं. "मेधा, डाळीत मीठ" एवढंच म्हणायचीस, आणि मेधाला वाटायचं रांगेतून बाहेर काढून उभं केलं. तू हट्टी होतीस, दुसऱ्याच्या कपाटात हात घालायचीस, आणि आपलं चुकलं हे मान्य करायला तुला दोन दिवस लागायचे. मला तीच ताई हवी आहे. फोटोला हार घातलेली ही दुसरी बाई माझ्या ओळखीची नाही.

तसं आधीच सगळं ठरवून ठेवायचं हे तुझं जुनंच होतं. मी सहा वर्षांचा असताना मेळ्यात जाण्याआधी तू मला दारातच थांबवून सांगितलं होतंस, "हरवलास तर मला शोधायला जायचं नाही. जिथे आहेस तिथेच उभा राहा. शोधायचं काम माझं." मी हरवलो. सॉफ्टीच्या दुकानापाशी रडत, पण न हलता उभा राहिलो, आणि तू आलीस. बाबांनी तुलाच ओरडा दिला. घरी येताना तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की वळ उठला.

पण या सगळ्या तयारीची खरी सुरुवात आईच्या नेब्युलायझरपासून झाली. जूनमधल्या त्या धुळीच्या आंधीत दुपारीच खांब पडले आणि मोहल्ल्याची लाइट गेली. आईला धाप लागली, मशीन चालेना. इन्व्हर्टर होता, पण बॅटरीत पाणी घालायचं महिनोन्महिने कुणाला सुचलं नव्हतं. टॉर्च सापडला तर त्यात सेल नाहीत. डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल बंद पडलेला. शेवटी तू आणि मी तिला ई-रिक्षात घालून कंपूच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिला वाफ दिली, ती सावरली, झोपली. आपण बाहेर बाकावर बसलो होतो. मला वाटलं तू देवाचं नाव घेतेयस. तू म्हणालीस, "सुध्या, आपल्या घरात चार शिकलेली माणसं आहेत आणि एक सेल नाही."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता ही बाजारातून अर्धं दुकान उचलून आणणार. तू काहीच आणलं नाहीस. एक वही घेतलीस आणि सांगितलंस, "एका हफ्त्यात एकच काम. एकदम सगळं करायला गेलं की माणूस दमतो आणि सोडून देतो." पहिल्या हफ्त्यात पाणी. दुसऱ्यात उजेड. तिसऱ्यात औषधं, आणि सगळे महत्त्वाचे कागद एका पिशवीत. चौथ्यात फोन नंबर, कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवलेले. गार्गीला तीन नंबर पाठ करायला लावलेस.

"आत्या, ये सब फोन में आहे ना. पाठ कशाला करू?"

"फोन पडला तर?"

"मग दुसरा घेईन."

"पाण्यात उभी असताना?"

गार्गीनं ते नंबर पाठ केले. कॉलेजात मैत्रिणींना तुझ्या नकला करून दाखवायची, पण नंबर पाठ केले.

चुकाही केल्यास तू, हे मी मुद्दाम लिहितोय. पहिल्या ड्रमचं झाकण सैल होतं, पंधरा दिवसांत त्यात अळ्या वळवळायला लागल्या. मी सगळ्या मोहल्ल्यात सांगत सुटलो की ताईनं आपत्तीसाठी डास पाळलेत. गूळ आणि चणे एका डब्यात ठेवलेस, ते मुंग्यांनी नेले. तू दोन दिवस गप्प होतीस. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलंस, "लहान कॅन. घट्ट झाकण. महिन्याला तपासणे." आणि मला वाचून दाखवलंस. तुझ्याकडून माफी मिळायची ती अशी. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत लाइट कितीदा गेली असेल, पण तिचं मशीन एकदाही बंद पडलं नाही. ती आपल्या अंथरुणावर, तुझ्या हातात हात देऊन गेली. यासाठी मी तुला एकदाही धन्यवाद दिले नाहीत. घरात कुणी देतं का?

मग बाजूच्या गल्लीत त्या चपलांच्या गोदामाला आग लागली. कुणी दगावलं नाही, पण तू जाऊन पाहून आलीस आणि आपल्या जिन्यात बराच वेळ उभी राहिलीस. आपलं घर तीन मजली, अरुंद. खाली भाडेकरूचं बॅगांचं दुकान, रेक्झिन आणि फोम छतापर्यंत रचलेलं. पहिल्या मजल्यावर शर्मा चाचा आणि चाची. दुसऱ्यावर आपण. एकच जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांचे मीटर. तू जेवताना म्हणालीस, "जिन्यात धूर भरला तर खाली जाणारा माणूस धुरातच जाणार. आपल्याला वर जावं लागेल. छतावरून श्यामबाबूंच्या छतावर."

आणि तिथे आपलं भांडण सुरू झालं.

श्यामबाबू म्हणजे आपले शेजारी, चाळीस वर्षांचे. त्यांच्या टाकीचं पाणी वाहून आपल्या भिंतीत ओल आली, मी तक्रार केली, त्यांनी ऐकलं नाही, मी जास्त बोललो, ते त्याहून जास्त बोलले. दोन छतांमध्ये कमरेएवढा कठडा होता. पापड, कुरडया, पतंग, सगळं त्याच्यावरून इकडून तिकडे जायचं. मी तिथे सात फूट भिंत घातली आणि वर काचा लावल्या. गवंडी काम करत असताना तू वर आलीस. "दार ठेव, सुधीर," म्हणालीस. सुध्या म्हणाली नाहीस. मी म्हणालो, "कुणासाठी? त्या माणसासाठी?"

"आपल्यासाठी."

"आणि चोर आले तर?"

"कडी आपल्या बाजूला असेल."

"मी जिवंत असेपर्यंत त्या घराकडे दार उघडणार नाही."

हे मी गवंड्यासमोर बोललो. नंतर तू हा विषय किती वेळा काढलास? संक्रांतीला तिळगूळ देताना काढलास, मी लाडू हातात धरून उठून गेलो. होळीच्या आदल्या दिवशी काढलास. "आग लागली तर वर जायचं. वर जाऊन काय करायचं सुध्या, काचा मोजायच्या?" मी म्हणालो, "तू फार वाचतेस ताई. काही होत नाही असं." पोस्टातल्या नोकरीत माझी सगळी हयात कागद जागच्या जागी ठेवण्यात गेली. घरात कुणी मला जागा दाखवावी हे मला सहन होत नव्हतं. खरं कारण एवढंच होतं. ओल तर केव्हाच वाळली होती.

होळीनंतर तू हा विषय काढायची थांबलीस. मला वाटलं मी जिंकलो. महिन्यातून एकदा तू शिट्टी वाजवायचीस, तीनदा, आणि शर्मा चाची ओला टॉवेल तोंडाला लावून, चपला घालून दारातल्या खुर्चीवर येऊन बसायच्या. चाचांचे गुडघे गेलेले, त्यांना चादरीत कसं उचलायचं ते तू मला आणि गार्गीला शिकवलंस. मी कंटाळून करायचो. एकदा चाचा चादरीतून म्हणाले, "मैडम, ज़िंदा आदमी को ऐसे ले जाते अच्छा नहीं लगता." तू म्हणालीस, "ज़िंदा है, तभी ले जा रहे हैं."

तो मे महिन्यातला रविवार होता. दुपारचे तीन. बाहेर भाजणारी लू चालली होती, सगळ्या घरांतून कूलर घरघरत होते, खालचं दुकान बंद. वास आधी तुला आला. "रबर जळतंय," म्हणालीस आणि दार उघडलंस. जिन्यातून काळा धूर वर येत होता. आपल्याच मीटरची जुनी वायर पेटली होती, हे नंतर कळलं. मी मेन स्विच बंद करायला धावलो. चार पायऱ्या उतरलो असेन, तू मागून माझी कॉलर धरलीस.

"खाली नाही. वर."

तू ओरडली नाहीस. गार्गीच्या गळ्यात शिट्टी घातलीस, मेधाच्या हातात ओल्या टॉवेलांची बादली दिलीस आणि दोघींना वर पाठवलंस. मग तू आणि मी एक मजला खाली गेलो, धुराच्या दिशेनं. चाची खुर्चीवर बसल्या होत्या. चपला घातलेल्या, तोंडावर ओला टॉवेल. गार्गीनं वर जाताना वाजवलेली शिट्टी ऐकून त्यांनी सगळं केलं होतं आणि त्या तुझी वाट बघत होत्या. तू त्यांना पुढे घातलंस. आपण दोघांनी चाचांना चादरीत उचललं. "वाक, सुध्या. अजून वाक." डोक्याच्या उंचीवर काहीच दिसत नव्हतं. तुझ्या खोकल्याच्या आवाजावर मी पाय टाकत होतो.

छतावर पोचलो आणि समोर माझी भिंत.

तिच्यावर आपली जुनी गादी पडली होती, काचा झाकलेल्या. अलीकडे शिडी लागलेली. ती शिडी टाकी साफ करायला आणलीस असं तू मला सांगितलं होतंस. आणि पलीकडून दुसऱ्या शिडीवर उभे राहून श्यामबाबू भिंतीवरून बघत होते. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ते म्हणाले, "भाईसाहब, पहले चाची को." तेव्हा मला कळलं की तू संक्रांतीपासून त्यांच्याकडे जात होतीस, त्यांच्या बायकोशी सगळं ठरवलं होतंस, तीन शिट्ट्यांचा अर्थ त्यांच्या घरात लहानमोठ्या सगळ्यांना ठाऊक होता. तुझ्या सगळ्या तयारीत फक्त मी नव्हतो.

मेधा आणि गार्गी पटकन गेल्या. चाची लुगडं सावरत शिडीवर चढल्या आणि वर जाऊन त्यांना धीर होईना. त्या भिंतीवर बसून रडायला लागल्या. आणि चाचा तर चढूच शकत नव्हते. मी खालून ढकलत होतो, श्यामबाबू आणि त्यांचा भाऊ वरून चादर ओढत होते, तीनदा ते घसरून परत माझ्या खांद्यावर आले. जिन्याचं वरचं दार तू लावून घेतलं होतंस, पण फटींतून धूर पिचकारीसारखा येत होता. तू फटींत ओले टॉवेल कोंबलेस. ते वाळत होते, निसटत होते. शेवटी तू दाराला पाठ लावून खाली बसलीस आणि हातांनी, पायांनी ते दाबून धरलेस. मी वळून पाहिलं.

"इकडे बघू नकोस. त्यांना धर."

श्यामबाबू म्हणतात वीस मिनिटं गेली. कमरेएवढा कठडा असता, दार असतं, तर चाचांना चादरीतून थेट नेलं असतं.

तू सगळ्यांत शेवटी आलीस, आपल्या पायांनी. पलीकडे उतरून पहिल्यांदा स्वतःला धरून सगळ्यांना मोजलंस. सहा. मग खाटेवर बसलीस, पाणी मागितलंस. नाकाखाली काळी रेघ होती. गार्गीला म्हणालीस, "शिट्टी चांगली वाजवलीस."

गल्ली अरुंद, म्हणून फायर ब्रिगेडच्या लोकांनी चौकातून पाइप ओढत आणला आणि तासाभरात आग विझवली. मग त्यांचे अधिकारी छत बघायला आले. भिंतीकडे बघत राहिले. "ये दीवार किसने उठवाई? ये न होती तो दो मिनट में निकल जाते." मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी तू खाटेवरून म्हणालीस, "पुरानी है."

एक खोटं बोलली म्हणून मुलीला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावणारी तू.

त्या संध्याकाळी खोकला थांबेना म्हणून तुला कंपूच्या त्याच दवाखान्यात नेलं. तुझ्या छातीत आईचाच दमा होता, हे तू आमच्यापासून किती दिवस लपवलंस? तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन वाढवला. नऊ दिवस तू तिथे होतीस. मास्क थोडा बाजूला करून तू कामाचं बोलायचीस. चाचांना झोप लागते का. चाची घाबरल्या त्यात त्यांची चूक नाही, आपण त्यांच्याकडून शिडीचा सराव करून घ्यायला हवा होता. "गुडघे गेलेल्या माणसाला शिडी चालत नाही, हे मला आधी दिसायला हवं होतं," म्हणालीस. "वहीत लिही, सुध्या. माझी चूक." मी लिहिलं. तुझ्या समोर बसून, तुझ्या वहीत, तुझी चूक म्हणून लिहिलं. माझा हात थांबला नाही, तोंडून शब्द फुटला नाही. नवव्या दिवशी सकाळी तू गेलीस.

दिवसकार्य झाल्यावर मी हातोडा घेऊन वर गेलो. मला ते काम जमत नव्हतं, काचा उडत होत्या. थोड्या वेळानं पलीकडून ठोकण्याचा आवाज यायला लागला. श्यामबाबूंनी त्यांच्या बाजूनं सुरुवात केली होती. तिसऱ्या दिवशी भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा ते म्हणाले, "मैंने भी उस दिन बहुत कुछ कहा था." मी हो म्हणालो. चाची आता रोज तिथून त्यांच्या बायकोशी बोलत असतात. आवाज खाली आपल्या खोलीत येतो. कधी त्या हसतात, आणि मला उठून खिडकी लावावीशी वाटते. लावत नाही.

गेल्या हफ्त्यात रेखाचा फोन आला. तुझी जुनी विद्यार्थिनी, बिड़ला नगरात मिलच्या जुन्या क्वार्टरांत राहणारी. म्हणाली, "सर, मॅडम हमारी लाइन में ये सब तैयारी सिखाने आने वाली थीं. सगळ्यांना सांगून ठेवलंय." आता कुणी येणार नाही, असं मी सांगणार होतो. गार्गीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि वेळ ठरवली.

आम्ही दोघं तुझी वही घेऊन गेलो. क्वार्टरांच्या रांगेसमोर सतरंजी अंथरली होती. पंधरा-वीस बाया, काही म्हातारे. मी वही उघडली आणि मला वाचता येईना, तुझं अक्षर होतं. एका बाईनं विचारलं, "भाईसाहब, इतना सब है. शुरू कहाँ से करें?" मला म्हणायचं होतं पाणी, पहिल्या हफ्त्यात पाणी. पण मी म्हणालो, "पहले ये देखिए कि आपने कौन सा रास्ता बंद कर रखा है." आणि मग ताई, मला थांबता आलं नाही. भिंतीचं सगळं सांगितलं. ओल, काचा, गवंडी, तिळगूळ. मैडम ने कहा था दरवाज़ा रखो, मैंने नहीं रखा. गार्गी माझ्याकडे बघत होती. तिला हे ठाऊक होतं, तिच्या आईलाही ठाऊक होतं, दोघींनी एका शब्दानं मला काही म्हटलं नव्हतं. थोड्या वेळानं एक म्हातारा उठला, दोन शेजाऱ्यांना घेऊन आपल्या घरात गेला, आणि मागच्या दारापुढून लोखंडी पेटी सरकवल्याचा आवाज आला. मग अजून कुणीतरी उठलं. मी वही गार्गीला दिली. पुढचं तिनं सांगितलं, तुझ्यासारखंच, हुकूम सोडल्यासारखं.

परतताना ती टेम्पोत माझ्या खांद्याला टेकून बसली होती. म्हणाली, "बाबा, ठीक किया."

पण तिथे मी जे बोललो ते परक्यांसमोर आणि हिंदीत बोललो. तुला आपल्या भाषेत सांगतो. ताई, भिंत जुनी नव्हती. मी बांधली होती. तू दार मागितलं होतंस, मी दिलं नाही, आणि वहीत ती चूक तुझी म्हणून लिहिली. नऊ दिवस मी रोज हेच बोलायचं ठरवून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतो, आणि तुझ्याजवळ बसून विचारत होतो, उशी नीट आहे ना.